फिट्टंफाट

“म्या शाळेपतर जाणार म्हंजी जाणार,” सुगंधाआत्या कट्ट्यावरून म्हणाली. मांडीवर सूप होतं आणि तांदळातले खडे वेचणं चालू होतं.

महेशकुमार तिथंच थबकला. शाळेत ग्रामपंचायतीचं मतदान चालू होतं. त्याची बायको मल्लेश्वरी उभारली होती, आणि तिच्यासमोर आत्याचा सख्खा भाचा मायाप्पा. आत्या उठली की घरातल्या चार सुना तिच्या मागं निघणार, हे शेंबडं पोरगंही सांगू शकलं असतं.

बायकोला निवडून आणायचंच, म्हणून तो कलबुर्गीहून रजा टाकून आला होता. तिथल्या कॉलेजात तो गणित शिकवायचा. मतदानाचं गणित तर त्याच्या हातचा मळ.

“आत्या, तुमचं मत मायाप्पाला, माझं मल्लेश्वरीला. दोन्ही कटली. मग उन्हात तंगड्या कामून तोडायच्या? तुमी बसा, मी बी बसतो. फिट्टंफाट.”

“बायको उभारलीय की रे.”

“एका मतानं निकाल लागायला हजार निवडणुका जाव्या लागतात.”

“घे मग बीरप्पाची आण.”

त्यानं घेतली. आत्यानंही घेतली, “आज ह्या शाळेत म्या मत टाकणार न्हाई.” महेशकुमार मनातून खूश झाला. एक मत देऊन पाच अडवली, म्हातारीला बरोबर गुंडाळलं.

राखणीला म्हणून तो तिच्याशेजारीच बसला.

“तांदूळ लई खड्याचा हाय, आत्या.”

“उदगीरच्या रेशनचा. म्हैन्याला नातू आणून देतो.”

मल्लेश्वरीचा फोन आला. “कवा यायलाव?”

“गर्दी सरू दे.” आणेबद्दल तो बोलला नाही. निकालानंतर सांगून तिला चकित करायचं होतं.

दुपारी थोरली सून चहा घेऊन आली. तिच्या बोटावर शाई होती.

“आमी चौघी सकाळीच जाऊन आलाव,” ती म्हणाली.

महेशकुमारला चहा कडू लागला. पण आता आण मोडायची कशी? आणि आत्याचं मत तरी अडलंच होतं. तिचं एक, आपलं एक, नुकसान काही नाही. मतदान संपेपर्यंत तो हलला नाही.

“शब्दाला जागलास, बाबा,” आत्या म्हणाली.

तालुक्याला, भालकीत मोजणी झाली. मल्लेश्वरी एका मतानं पडली.

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, “तुमी आला असता तर बरोबरी झाली असती. चिठ्ठी तरी टाकली असती. दारोदार फिरून पाय झिजले माझे.”

तेव्हा महेशकुमारनं तिला आणेची सगळी हकीकत सांगितली. “मी आलो असतो तर आत्या बी आली असती. पुन्हा एकाचाच फरक. गणित हाय ते, वाईट वाटून घेऊ नको.”

मल्लेश्वरी त्याच्याकडं वळली.

“अवो,” ती म्हणाली, “आत्याचं मत उदगीरला हाय.”