पाचवं बोलावणं

"प्रभुभोजन न घेणारे सभासद किती?" निरीक्षक घाट्यांनी विचारलं.

"एक," पाळक शांतवन हिवाळे म्हणाले. जरा घाईनंच म्हणाले.

धामणगाव बढ्यातल्या त्या लहानशा चर्चमध्ये रविवारची उपासना नुकतीच आटोपली होती, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला वाटून झाला होता. घाटे मुख्य कार्यालयातून आले होते. दर तीन वर्षांनी ते येत आणि मंडळीची आत्मिक तब्येत तपासत. मंडळीला ताप आहे का, भूक नीट लागते का, असं डॉक्टरासारखं बोलत आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसत. छापील कागदावर बावीस प्रश्न होते. एकवीस सुरळीत पार पडले. हजेरी बरी, बायबल अभ्यास चालू, भांडणतंटा नाही. पाळकसाहेबांची पाठ दोनदा थोपटूनही झाली होती.

"एकच? मग काही काळजी नाही. पण कारण लिहावं लागतं."

"ते माहीत नाही."

"किती दिवस झाले?"

"दोन वर्षं."

घाट्यांनी चष्मा काढला. "दोन वर्षं एक माणूस प्याला घेत नाही, आणि तुम्ही एकदाही विचारलं नाही?"

विचारायला पाळकसाहेब गेलेच नव्हते. मंडळीतल्या प्रत्येक घरी महिन्याकाठी त्यांची फेरी व्हायची, पण पुष्पांजलीच्या गल्लीपाशी आले की त्यांना नेमकं दुसरं काही काम आठवायचं. रविवारी ती शेवटच्या बाकावर बसायची आणि प्याला आला की उठून जायची. त्यांची नजर तिथवर पोचायच्या आतच माघारी फिरायची.

"चला," घाटे म्हणाले. "आत्ताच जाऊ."

पुष्पांजली दारातच उभी होती. चाळिशीची, बारीक अंगाची, एकटी राहणारी बाई. पूर्वी ती संडे स्कूल चालवायची. आई वच्छलाबाई गेल्या आणि तिनं ते काम आपणहून सोडलं. ती प्रभुभोजन का घेत नाही, यावर मंडळीतल्या बायांनी तीन-चार पापं ठरवूनही टाकली होती, आणि त्यातलं एक तर बरंच रंगवलं होतं.

घाटे खुर्चीवर टेकले. पाळकसाहेब दाराशीच उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

"बाई, मनात काही आहे का?" घाट्यांनी मऊ आवाजात विचारलं.

पुष्पांजलीनं पदरानं हात पुसले. हात कोरडेच होते.

"आई गेली ना, त्या दिवशी साहेब मोताळ्याले होते. उपकारस्तुतीचा कार्यक्रम होता. आई सकाळपासून म्हणे, पाळकसाहेबांले बोलाव, मी चालली. पण त्याच्या पयले चारदा बोलावलं होतं तिनं. चारही वेळा साहेब हातातलं काम टाकून आले, प्रार्थना केली, आन् आई उठून बसली. म्हणे, चहा ठेव. चौथ्या वेळी साहेब हासत म्हणले, 'वच्छलाबाई, तुम्ही मले किती वेळा निरोप द्यायले लावसान?' मले लय लाज वाटली."

तिनं पुन्हा हात पुसले.

"मंग पाचव्या वेळी मी नुसताच फोन कानाले लावला. कोणाले लावलाच नाही. आईले सांगतलं, येऊन राह्यले. ती दाराकडे पाहत राह्यली. दोन तास. आन् गेली. असं खोटं पोटात ठेवून प्याला कसा घेऊ साहेब? पोराईले मीच शिकवत होती, तसा घेऊ नये म्हणून."

पाळकसाहेब चौकटीला टेकले. म्हणजे हिला माहीतच नव्हतं. दोन वर्षं ते समजत होते, हिला सगळं माहीत आहे आणि ही मुद्दाम उठून जाते.

घाट्यांचे डोळे पाणावले होते. माणूस कागदातला असला तरी वाईट नव्हता. "देव क्षमा करतो, बाई. तुम्ही मन मोकळं केलंत, झालं. पुढच्या रविवारी प्याला घ्या."

"देव करत असन क्षमा," पुष्पांजली म्हणाली. "पण आईनं तर वाट पाह्यली ना? बिनप्रार्थनेची गेली ती, माह्यामुळं. नाही घ्यायची मी. कधीच नाही."

घाट्यांनी उसासा टाकला आणि कागद गुडघ्यावर घेतला. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "कारण, सभासदाचा वैयक्तिक दोष. पाळकांनी समजूत घातली." मग कागद आणि पेन पाळकसाहेबांपुढे धरलं. "करा सही. एवढं एक सोडलं तर मंडळी ठणठणीत आहे हो तुमची."

सही केली की संपलं होतं. घाटे चारच्या गाडीनं निघून गेले असते. दुसरं कुणी विचारणारं नव्हतं. पाळकसाहेबांना लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती. ही बाई उरलेलं आयुष्य शेवटच्या बाकावर काढणार, हे त्यांना समोर दिसत होतं. त्यांनी पेन घेतलं नाही.

"पुष्पाताई," ते म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही आईपासून थोड्या वेळासाठी उठल्या होत्या का?"

"हाव. नळ आला होता. दोन गुंड पाणी भरून आणलं. काऊन?"

"तेवढ्यात वच्छलाबाईनं स्वतःच आपल्या फोनवरून मले फोन केला होता. मी पंगतीत जेवून राह्यलो होतो. नाव पाह्यलं, आन् फोन पालथा ठेवला."