चालणारा ठिपका

समजा, तुमच्या हातात एक नकाशा आहे. त्यावर एक लाल ठिपका आहे, आणि तो ठिपका चालतो आहे. तुम्ही काय केलं असतं? दहा वर्षांच्या ईस्क्राने वडिलांची बाही ओढली.

"बाबा, खाली पडलेली डबी चालते का हो?"

तिचे वडील ओग्न्यान आठवडाभर प्लोव्दिव शहरात संगणकाचे प्रोग्राम लिहीत आणि सुट्टीच्या दिवशी हवामानाचे फुगे हुडकत. हवामान खात्याची माणसं रोज दुपारी आभाळात एक मोठा फुगा सोडतात. त्याला एक पांढरी डबी टांगलेली असते. खूप उंच गेल्यावर फुगा फुटतो, डबी कुठंतरी रानात पडते, आणि पडल्यावरही काही तास 'मी इथं आहे' असं सांगत राहते. घरी अशा एकतीस डब्या होत्या. त्या शोधायला बरेचदा आजोबाही बरोबर असत.

आज मात्र बापलेक आजोबांच्या गावी डबीसाठी आले नव्हते. मिन्चो आजोबा परवा दुपारी अळंबी वेचायला डोंगरात गेले होते, ते परतलेच नव्हते. सारं गाव शोधत होतं. आज रात्री पाणी गोठणार होतं. म्हातारा ही रात्र काढणार नाही, हे कोणी बोलून दाखवत नव्हतं.

"बाप हरवलाय आणि हा आभाळातला कचरा शोधतोय," दोब्री काका म्हणाला. तो आजोबांचा शेजारी. हाका मारमारून त्याचा घसा बसला होता.

ओग्न्यानने मोबाइलवरचा नकाशा त्याच्यापुढे धरला. "हा कचरा अर्ध्या तासापूर्वी वरच्या रानात पडला. आता बघ."

ठिपका चढावर सरकत होता, माणसाच्या चालीने.

"कोल्ह्याने पळवली असेल."

"कोल्हा असा रमतगमत एकाच दिशेने चालतो होय? डबी हातात असली की मी शोधत येणार, हे आबांना पक्कं ठाऊक आहे."

दोब्री काकाने ठिपका निरखून पाहिला. "चल मग. मघाचं बोलणं पोटात घाल."

तिघं चढू लागले. डबीचा संदेश पकडणारी अँटेना ईस्क्राच्या हातात होती. ठिपका जवळ येत होता. चारशे पावलं, मग तीनशे. वाटेत ओढा लागला. यांना दगड शोधत, वळसा घालून तो ओलांडावा लागला. ठिपका सरळ पार गेला होता.

"आजोबांचा गुडघा दुखतो ना?" ईस्क्राने विचारलं.

"जिवावर बेतलं की दुखणं विसरतं माणूस."

दोब्री काकाला धाप लागली, म्हणून ते थांबले. ठिपकाही थांबला. ते निघाले, तसा तोही निघाला.

"आपली चाहूल लागत असेल त्यांना," ओग्न्यान म्हणाला.

"मग हाक का देत नाहीत?"

ओग्न्यान भरभर चालू लागला.

माथ्याजवळ धुकं उतरलं होतं. ठिपका तिथं बराच वेळ एका जागी राहिला. ते पोहोचले तर एका आडव्या पडलेल्या झाडामागे निळा स्वेटर दिसला.

मिन्चो आजोबा बुंध्याला टेकून बसले होते. ओठ काळेनिळे, पण डोळे उघडे.

"आबा!" ओग्न्यान गुडघ्यांवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. दोब्री काकाने आपला कोट काढून म्हाताऱ्याभोवती गुंडाळला.

"अरे दोब्री, तुझ्या कोटाला बकऱ्यांचा वास येतोय," आजोबा पुटपुटले.

"येऊ दे. आज बकऱ्यांचे आभार मान."

ईस्क्रा आजोबांजवळ ओंडक्यावर बसली. थर्मासमधला चहा तिने त्यांच्या ओठांना लावला.

"कमाल केलीत, आबा," डोळे पुसत ओग्न्यान म्हणाला. "डबी उचलून एवढा डोंगर चढलात."

"कसली डबी?" आजोबांनी पाय दाखवला. घोटा सुजून काळा पडला होता. "परवा संध्याकाळीच मोडला हा. तेव्हापासून इथून तसूभर हललेलो नाही मी."

ओग्न्यानने सावकाश नकाशाकडे पाहिलं. ठिपका त्यांच्यापासून तीस पावलांवर, धुक्यात उभा होता.

"कोण आहे तिकडं?" बसक्या आवाजात दोब्री काकाने विचारलं.

उत्तर आलं नाही. ठिपका वळला आणि त्यांच्याकडे येऊ लागला. वीस पावलं. दहा. वाळक्या पानांवर जराही आवाज नव्हता.

"आबांना उचल," ओग्न्यान दोब्री काकाला म्हणाला. "आत्ता."

"आपण थांबलो की तोही थांबायचा, बाबा," ईस्क्रा म्हणाली. ती ओंडक्यावर जराशी सरकली आणि तिने शेजारी जागा करून दिली.