म्हसोबाची सही

बोकड अंग झाडेना.

कपाळाला हळदकुंकू लागलं होतं. गळ्यात झेंडूची माळ पडली होती, त्यातली अर्धी त्यानं खाऊनही टाकली होती. भावकीतल्या थोरल्या कारभारीनानांनी त्याच्या पाठीवर तिसरा तांब्या ओतला. बोकडानं अंग झाडलं की म्हसोबाची सही झाली, मग सुरी. सहीशिवाय कापायचं नाही, असा नियम. आजवर कुठलंही बोकड दुसऱ्या तांब्यापुढं टिकलं नव्हतं. हे मात्र न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखं शांत होतं.

केडगावच्या पुढं, शेताच्या बांधावर, लिंबाखाली चाळीस माणसं खोळंबली होती. चुलीवर मसाल्याला तेल सुटलं होतं. श्रावण चार दिवसांवर आला होता. पाथर्डीहून बिभीषणमामा जीपभर माणसं आणि माणशी एक स्टीलचा डबा घेऊन आले होते.

दोर अमृतच्या हातात होता, कारण नवस त्याच्याच जिवासाठी होता. गेल्या वर्षी डेंग्यूनं तो एकवीस दिवस दवाखान्यात पडून होता, तेव्हा त्याची आई रंगुबाई म्हसोबाला बोकड बोलली होती. अमृतच्या मते त्याला सलाइननं वाचवलं. देव माणसानंच केला आणि नियम माणसानंच देवाच्या नावावर खपवले, हे तो नागापूरच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना समजावून सांगायचा. घरी सांगून उपयोग नव्हता. बोकड तर त्याला आवडायला लागलं होतं. म्हणून त्यानं नियमाचाच अभ्यास केला. पस्तीस दिवस, पहिल्या पाळीला जायच्या आधी, त्यानं बोकडाला गार पाण्यानं अंघोळ घातली. अंग न झाडता उभं राहिलं की एक बिस्कीट. पंधराव्या दिवसापासून बोकड उभं राहायचं आणि बिस्किटाची वाट बघायचं.

"कानात सोडा, कानात," बिभीषणमामा म्हणाले.

नानांनी तांब्यात उरलेलं पाणी कानात सोडलं. बोकडानं मान तिरकी केली, पाणी निथळू दिलं आणि अमृतच्या शर्टाच्या खिशाकडं बघितलं.

"नाना, देव नको म्हणतोय," अमृत म्हणाला. देवाच्या वतीनं बोलायची त्याची ही पहिलीच वेळ होती.

"आरं, नियम काय, मानसानंच केलाय," मामा चुलीकडं बघत म्हणाले. "एका दिसापुरता बाजूला ठिवू. कोन इचारतंय?"

"असं कसं मामा!" अमृत एकदम भडकला. "पिढ्यानपिढ्या चालत आलंय. कुणीही उठावं आणि मोडावं?"

शुभांगीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, मसाला हलवायचा थांबवून नवऱ्याकडं बघितलं.

"तांब्याबी तांबटानंच केलाय, मामा," रंगुबाई शांतपणे म्हणाली. "पानी ऱ्हातंय ना त्यात? सहीबिगर न्हाई कापायचं."

नाना मात्र बोकडाची नजर धरून हळूहळू अमृतच्या खिशापर्यंत पोचले होते.

"ह्ये सारखं तुज्या खिशाकडं का बघतंय रं?"

"बघायला काय, बोकडच आहे ते."

"चप्पल काढ. वलेत्यानं शपथ घे. ह्या बोकडाला म्या काय बी केलं न्हाई, आसं म्हसोबाम्होरं म्हन."

अमृतनं चप्पल काढली. शपथेला तो भीत नव्हता. समोर दगड होता, त्याला शेंदूर होता आणि तो शेंदूर कुठल्या दुकानातला हेही त्याला माहीत होतं. एक वाक्य बोलायचं, बोकड वाचवायचं. नानांनी चौथा तांब्या त्याच्या डोक्यावर उपडा केला.

"हं, म्हन."

"मी ह्या बोकडाला..."

रंगुबाई त्याच्याकडं बघत होती. दवाखान्यात खाटेशेजारी बसून एकवीस दिवस बघायची तशी.

अमृतनं मानेपासून टाचेपर्यंत अंग झाडलं.

"झाडलं! म्हसोबाच्या नावानं..." मामा सवयीनं ओरडले. त्यांचे डोळे चुलीकडंच होते.

"चांगभलं!" चाळीस माणसं सवयीनंच म्हणाली. हलगीवर दोन टिपऱ्या पडल्या आणि तिसरी पडता पडता राहिली.

कोणी अंग झाडलं, हे सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं. नानांनी हातातल्या सुरीकडं बघितलं आणि ती हळूच पाठीमागं नेली. बोकडानं माळेतलं उरलेलं फूल खाल्लं.

रंगुबाई धावत आली. तिनं पदर अमृतच्या डोक्यावरून टाकला, त्याला छातीशी ओढलं आणि दगडाकडं वळली.

"ह्यो न्हाई, देवा. ह्यो न्हाई. ह्यो तर तुज्याकडनंच मागून आनलाय."

पाणी गार होतं म्हणून झालं, एवढंच अमृतला सांगायचं होतं. पण त्याचे दात वाजत होते आणि पाणी केव्हाच निथळून गेलं होतं.

"ऱ्हाऊ द्या," नाना सुरी फडक्यात गुंडाळत म्हणाले. "आज कुनाचीच सही नगं."

शुभांगीनं कुणाला न विचारता मसाल्यात अंडी सोडली. मामांनी डब्याचं झाकण लावलं, अंडी बघितली आणि परत उघडलं.

पदराखाली रंगुबाई लेकाचं डोकं खसाखसा पुसत होती. पुसता पुसता तिनं तोंड त्याच्या कानाशी नेलं.

"खिशातलं बिस्कीट भिजलं आसंल," ती हळूच म्हणाली. "देऊन टाक त्याला. कवाधरनं उभं हाय."