बिनखिडकीचं दुकान

नगरपालिकेचे साहेब इस्त्रीच्या टेबलावरची गादी बघून म्हणाले, "काकू, या दुकानाचं घर करायला परवानगी नाही मिळणार. इथे एकही खिडकी नाही. जीव गुदमरेल तुमचा."

मंदाकाकूंच्या डोक्यात तिडीक गेली. याच खोलीत त्यांच्या नवऱ्याने कोळशाची इस्त्री फिरवत जन्म काढला आणि शेवटी खोकून खोकून जीव सोडला.

"ते इथे राबत होते तेव्हा कुणी नाही विचारली खिडकी?"

"नियमच तसा आहे. दुकानाला खिडकी लागत नाही, घराला लागते." साहेबांनी रुमालाने मान पुसली. "चला, निघतो. फार उकडतंय."

काकूंनी पुढे होऊन शटर आतून खाली ओढलं.

"बसा की साहेब. तुमच्या नियमाने हे अजून दुकानच आहे. जीव नाही गुदमरायचा तुमचा."