मशालवालीला ताप

"वहिनी, खेळात इतके सोबती घेऊ नका, बठ्ठास्नं तुमलेच करनं पडी," असं प्रेमराजभाऊंनी बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. आमच्या धुळ्याच्या घरी दर रविवारी फाशांवर चालणाऱ्या त्या काल्पनिक मोहिमेत आता सगळ्यांच्या हमाल-पहारेकऱ्यांचं खाणंपिणं मीच बघते.

काल फासा वाईट पडला आणि माझ्या सोबत्यांतल्या, खेळातल्या मशालवालीला ताप भरला. सगळी फौज थांबली. प्रेमराजभाऊंनी स्वतःची घोंगडी तिला दिली. नवरा म्हणाला, "लढाई गेली खड्ड्यात, मी हिच्या उशाशी बसतो."

मग मान वर न करताच मला म्हणाला, "मेघा, चहा टाक ना."

तुमच्या घरी आत्ता चहा कोण टाकतंय? जरा उठून तिच्या कपाळाला हात लावून बघा.