महिनाभराचे पाहुणे

“तो शब्द तोंडातून काढायचा नाही,” मालपेन्सा विमानतळाच्या पार्किंगमध्ये इवानोनं सहाव्यांदा बजावलं.

“कोणता?” लोरेदानानं विचारलं.

“दत्तक.”

“मग आत्ता कोणी काढला?”

दत्तक देणाऱ्या संस्थेचा नियमच होता तो. कोलंबियाहून येणारी भावंडं मोठी होती. मायेर्ली चौदाची, दुव्हान अकराचा. एवढ्या मोठ्या मुलांना घर मिळणं कठीण, म्हणून संस्था त्यांना आधी महिनाभर इटलीत सुट्टीला पाठवी. पण सुट्टी म्हणजे सुट्टीच. शेवटच्या दिवशी संस्थेच्या फाब्रित्सियाबाई येऊन मुलांना विचारणार, या घरात कायमचं राहायला आवडेल का. तोवर यजमानांनी अवाक्षर काढायचं नाही. मुलं नाही म्हणाली, की विषय संपला. आणि इवानो-लोरेदाना हे नवराबायको नऊ वर्षं या विषयाची वाट पाहत होते.

खरी भीती इवानोच्या आईची होती. एर्सिलियाबाईंच्या तोंडात तीळ भिजत नसे. इवानोच्या मूळव्याधीसाठी त्यांनी भर चर्चमध्ये, नावासकट, सगळ्या गावाला प्रार्थना करायला लावली होती. म्हणून त्यांना एवढंच सांगितलं होतं, की पाहुणे येताहेत, महिनाभरानं जातील.

पहिल्याच दिवशी बाईंनी मुलांच्या खोलीतलं नवं कपाट उघडलं, आत डोकावून पाहिलं आणि बंद केलं.

“महिनाभरासाठी एवढं कपाट?”

“सेलमध्ये होतं, आई,” लोरेदाना म्हणाली.

“हं,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी इवानो-लोरेदाना बाजारातून परतले, तेव्हा अंगणात बाई आणि दोन्ही मुलं घमेल्याभोवती बसून शेंगा सोलत होती. मुलांचं स्पॅनिश आणि बाईंचं इटालियन यांचं बरं जमत होतं. गाडी दिसताच तिघंही गप्प झाली.

“काय चाललं होतं?” इवानोनं विचारलं.

“शेंगा.”

“आई, पाहुण्यांना कसलं कामाला लावतेस?”

“मग? खाताना नाही लाजत.”

जेवणं झाल्यावर बाईंनी इवानोला बाजूला घेतलं. “पोरांचं मन रमलेलं दिसत नाही रे.”

“कशावरून?” इवानोनं विचारलं.

“चार वाढवलीत मी. मला कळतं. जरा समुद्र दाखव त्यांना.”

“समुद्रावर पार्किंग मिळत नाही,” इवानो सवयीनं म्हणाला. या एका वाक्यावर त्यानं अकरा उन्हाळे काढले होते.

“नको तर नको. गेली पोरं आपल्या घरी, काय बिघडलं?”

शनिवारी सगळे समुद्रावर गेले. बाईंना गाडी लागते, म्हणून त्या पुढे बसल्या. सूर्य बुडेपर्यंत त्या गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, पोरांवर लक्ष ठेवायला.

“कसं वाटलं?” परतताना लोरेदानानं विचारलं.

मायेर्लीनं पुढच्या सीटकडे पाहिलं. “ठीक.”

“ठीक,” दुव्हान म्हणाला. त्याच्या तोंडात तिसरं आइस्क्रीम होतं.

सकाळी कॉफी करताना लोरेदाना म्हणाली, “ठीक म्हणजे नाहीच ना?”

“ठीक म्हणजे ठीक गं.”

“मी रांधलेल्या पोलेंताला तू ठीक म्हणतोस, तेव्हा?”

इवानोनं कपात तोंड घातलं.

मग दोघांनी कसर सोडली नाही. समुद्र आणखी दोनदा झाला. तळ्यात बोट झाली, डोंगरावर रोपवेचा पाळणा झाला. लोरेदाना दर गुरुवारी हातानं राव्हियोली वळू लागली. लग्नातही न नाचलेला इवानो गावच्या जत्रेत नाचला, आणि नंतर दोन दिवस कंबर धरून बसला. रोज संध्याकाळी बाईंचा निकाल ठरलेला.

“लक्षण बरं दिसत नाही मला. पिस्त्याच्या आइस्क्रीमला पोरगी जराशी हसली होती, बघ.”

दुसऱ्या दिवशी किलोभर पिस्त्याचं आलं. मुलांनी लिंबाचं घेतलं. वाया जायला नको, म्हणून पिस्त्याचं बाईंनी संपवलं.

तिसऱ्या आठवड्यात, अंगाची लाही होत असताना, बाई लोकरीचे मोजे विणायला बसल्या.

“जुलैत मोजे? कुणासाठी?” लोरेदानानं विचारलं.

“ज्यांना पाय आहेत त्यांच्यासाठी.”

“आई, मुलांशी तरी जरा गोड बोलत जा हो.”

“महिनाभराच्या पाहुण्यांशी काय गोड बोलायचं?”

लोरेदाना न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली.

शेवटच्या दिवशी फाब्रित्सियाबाई फाइल घेऊन आल्या. मुलं केस विंचरून सोफ्यावर बसली होती. लोरेदानानं टेबलाची कड घट्ट धरली. इवानो भिंतीवरच्या कॅलेंडरमधला फेब्रुवारी वाचत होता.

फाब्रित्सियाबाईंनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं. या घरात कायमचं राहायला आवडेल?

मायेर्लीनं एर्सिलियाबाईंकडे पाहिलं. बाईंनी सुया थांबवल्या, खिडकीतून आभाळ न्याहाळलं आणि उसासा टाकला.

“तसाही पुढच्या आठवड्यात पाऊस सांगितलाय,” त्या म्हणाल्या.

“हो,” मायेर्ली म्हणाली.

“हो,” दुव्हान म्हणाला. “कायमचं.”

लोरेदानानं दोघांना एकदम मिठीत घेतलं आणि तिघंही सोफ्यावरून खाली आली. इवानोनं फाब्रित्सियाबाईंशी हस्तांदोलन केलं, मग त्यांच्या फाइलशी.

“छान,” फाब्रित्सियाबाईंनी पेन उघडलं. “आणि हे कधी ठरवलंत, बाळांनो?”

“दुसऱ्या दिवशी,” दुव्हान म्हणाला. “शेंगा सोलताना आजीनं विचारलं, तेव्हाच.”

फाब्रित्सियाबाईंचं पेन हवेत राहिलं. एर्सिलियाबाई एकाग्रतेनं टाके मोजू लागल्या.

“मग इतके दिवस सांगितलं का नाहीत?” लोरेदानानं विचारलं.

“आजी म्हणाली,” मायेर्लीनं सांगितलं, “एवढ्यात हो म्हणालात, तर समुद्र विसरा.”