संध्याकाळची दोन कोर्टं

"मग पाच वाजता या," म्हणून मॅनेजरनं फोन ठेवला, आणि स्क्वॉश क्लबाची सेक्रेटरी फोन तसाच हातात धरून स्वयंपाकघरात दोन येरझारा घालून आली.

दुसरा गट. कोर्टं मागायला दुसरा एक गट आला होता.

क्रीडासंकुलाच्या तळमजल्यावर स्क्वॉशची दोनच कोर्टं. त्यांची संध्याकाळ कित्येक वर्षं तिच्या क्लबाकडे होती. करार आज संपत होता. नवा करार म्हणजे चहा, गप्पा आणि एक सही, असंच आजवर चालत आलं होतं. आता मॅनेजर म्हणत होता, दोघांचं ऐकून घेतो आणि संध्याकाळ एकालाच देतो. वाटून दिली की रोजची कटकट. गट कोणाचा, ते मात्र सांगेना. त्यांनीच सांगू नका म्हटलंय, म्हणे.

नवरा निघायच्या घाईत होता. खांद्यावर रॅकेटची पिशवी. कुठे, विचारलं तर म्हणाला, ग्रिप बदलून आणतो.

"पाचला तू माझ्याबरोबर हवास."

"आज नाही जमायचं," तो बुटाची नाडी बांधत म्हणाला. "आणि तू असताना दुसऱ्या कोणाला तोंड उघडायची गरज पडलीय कधी?"

हे कौतुक आहे असं धरून तिनं त्याला जाऊ दिलं.

मग फोन.

दातांचा डॉक्टर. क्लबातला सगळ्यात जुना. पाचला त्याच्याकडे एक अक्कलदाढ होती, अवघड, पुढं ढकलता न येणारी.

लंबू. शाळेत भूगोल शिकवतो, लांब हातांमुळे त्याच्या अंगावरून चेंडू जात नाही. त्याला पेपर तपासायचे होते. शिवाय, कोणी न विचारता, घरी पाहुणेही येणार होते.

नणंद. उचलला नाही. थोड्या वेळानं निरोप आला: वहिनी, मीटिंगमध्ये आहे.

बाकीच्यांचंही तेच. कामाच्या वेळी सगळ्यांचे हात वर. तिला राग आला नाही. म्हणजे आला, पण सवयीचा. हा गाडा आपण एकटीच ओढतो, हे तिला ठाऊक होतं. कोणी कोणाशी खेळायचं ते ती ठरवायची. जमिनीवर डाग पाडणारे काळ्या तळव्याचे बूट दिसले की दारातून परत; एकदा तर तिनं डॉक्टरला मोज्यांवर खेळायला लावलं होतं. उशिरा येणाऱ्यानं पहिला गेम बाहेर बसून बघायचा. गुण तीच मोजायची, वर गॅलरीत उभी राहून. चेंडू भिंतीच्या तळाच्या पत्र्याला लागला की नाही, यावर तिचा शब्द शेवटचा. शिस्त नसेल तर क्लब कसला? चार भिंती आणि घाम.

दुपारभर पायाला भिंगरी. जेवण अर्धं. कपडे दोनदा बदलले.

वेळेआधीच ती संकुलात पोचली आणि बसवेना म्हणून कोर्टात शिरली. भिंतीवर चेंडूचे काळे डाग होते. पर्समधला रुमाल ओला करून तिनं ते पुसायला घेतले. पुसता पुसता ती त्या दुसऱ्या गटाला चेहरे देत होती. वरच्या व्यायामशाळेतले दंड फुगवलेले असणार. किंवा कुठल्या तरी कंपनीतले साहेबलोक, दोन महिने हौस आणि मग कोर्टात मोडक्या खुर्च्यांची अडगळ. एक डाग निघेना. तिनं नखानं खरवडला.

मॅनेजर सबुरीचा माणूस. त्यानं पाणी पुढं केलं, पंखा वाढवला, आणि दुसऱ्या गटाचं मघाच ऐकून झाल्याचं सांगितलं.

"चांगली माणसं आहेत. फार काही मागत नाहीत. शांतपणे खेळू द्या, एवढंच म्हणतात."

"शांतपणे सगळ्यांनाच खेळायचं असतं. सांभाळायचं कोणी?"

मग ती बोलत राहिली. छत गळलं तेव्हा बादल्या कोणी लावल्या. तांबड्या रेघा गुडघ्यांवर बसून कोणी रंगवल्या. दिवे गेले की रात्री-अपरात्री वायरमनच्या दारात कोण उभं राहतं. त्या मंडळींनी आयुष्यात कधी फडकं तरी हातात धरलंय का?

"तुमच्याइतकं कोणी केलेलं नाही," मॅनेजर म्हणाला. "हे तेही कबूल करतात."

"करणारच," ती म्हणाली. "न करून सांगतात कोणाला?"

मग त्यानं कागद तिच्यापुढे सरकवला. तीन वर्षं. दोन्ही कोर्टं. सही झाल्यावर सकाळपासून पहिल्यांदा तिला भूक लागल्याचं जाणवलं.

बाजूच्या खोलीत बसलेत, त्यांना मी सावकाश कळवतो, असं मॅनेजर म्हणाला. पण तिचं मन आता मोठं झालं होतं. सामना संपला की जिंकणाऱ्यानं आधी हात पुढं करायचा, हे तिनंच सगळ्यांना शिकवलं होतं.

"मीच सांगते त्यांना. रविवारी दुपारी एक कोर्ट रिकामं असतं, ते देऊ. आमचे नियम पाळणार असतील तर."

"ताई, राहू द्या," तो अर्धवट उठला. तोवर ती बाहेर पडली होती.

तिनं चेहऱ्यावर हसू आणलं आणि दार ढकललं.

बाकांवर अख्खा क्लब बसला होता. डॉक्टर, लंबू, नणंद, सगळ्यांचे चेहरे दाराकडे वळले आणि तसेच राहिले. फक्त तिचा नवरा दाराकडे पाठ करून उभा होता. मागं चाहूल लागली तसं त्यानं न वळताच विचारलं,

"काय साहेब, सुटलो का आम्ही?"